‘कोणताही २० इंची रिम बसतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

ट्रायल्स म्हणजे पाय न टेकवता दगड-अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा खेळ. त्या सायकलच्या मागच्या चाकासाठी नवा रिम कसा निवडावा, या माझ्या लेखावर काल रात्री एक प्रतिक्रिया आली. ती पूर्ण देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. "काका, एवढं पाल्हाळ कशाला? कोणताही २० इंची बीएमएक्सचा रिम बसतो. भोकं पाडलेला परदेशी रिम मागवा, वर त्याला ग्राइंडर मारा, असले सल्ले म्हणजे पोरांच्या खिशाला कात्री. नेटवर वाचून लिहिण्याआधी आयुष्यात एकदा तरी चाक बांधून बघा."

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ‘काका’ म्हणालात त्याचं काही नाही, ठाण्याच्या येऊरला सायकल घेऊन येणारी सगळीच मुलं मला काका म्हणतात. पण ज्या माणसाला तुम्ही कधी भेटलेला नाहीत, त्याने चाक बांधलेलं नाही हे कशावरून ठरवलंत? माझे वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. शाळेच्या सुट्ट्या मी नौपाड्यातल्या एका सायकल दुकानात काढल्या. तिथे हातात पहिलं काम आलं ते चाकाचा आऊट काढायचं, म्हणजे डगमगणारं चाक तारा ताणून सरळ करायचं. साध्या काळ्या सायकलींची चाकं, पुढच्याला ३२ तारा, मागच्याला ४०. कुठली तार ताणायची आणि तिच्या समोरची किती सैल सोडायची हे बोटांना कळल्याशिवाय मालक नवं चाक बांधायला देत नसत. पुढे ट्रायल्सचं वेड लागलं, तेव्हापासून माझी चाकं मी घरीच बांधतो, आणि दगडांवर आपटून त्यांचं काय होतं तेही मीच निस्तरतो. त्यामुळे ‘नेटवर वाचून’ हे शब्द मला लागले. लागले ते लपवत नाही. माझं म्हणणं पटत नसेल तर खुशाल खोडून काढा. पण समोरच्याला आधी ढोंगी ठरवायचं आणि मग मुद्दा मांडायचा, ही बोलायची रीत झाली का?

आता ते ‘कोणताही २० इंची रिम बसतो’. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण ते वाचून कुणीतरी उद्या दुकानात जाऊन उभा राहील.

२० इंच हे माप टायर चढवून, हवा भरून, बाहेरून घेतलेलं ढोबळ माप आहे. रिमसाठी बघायचा तो टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. बीएमएक्सच्या, म्हणजे छोट्या चाकांच्या शर्यतीच्या आणि कसरतीच्या सायकलच्या, नेहमीच्या रिमवर तो ४०६ मिलिमीटर असतो. त्यावर २ इंची टायर चढवला की बाहेरून साधारण ५०८ मिलिमीटर होतात, म्हणजे २० इंच. ट्रायल्सच्या ‘मॉड’, म्हणजे २० इंची प्रकारच्या, सायकलच्या मागच्या रिमवर हाच व्यास ३८७ आहे. त्यावर अडीच इंची टायर बसतो आणि बाहेरून साधारण ५१४ भरतात, म्हणजे पुन्हा २० इंचांच्या आसपासच. मागच्या चाकावर उभं राहून उड्या मारायच्या, दगडाच्या धारेवर पडायचं, म्हणून तिथे टायर जाड हवा. टायर जाड झाला तरी चाक वाढायला नको, म्हणून रिम लहान. काही विक्रेते त्याला १९ इंची म्हणतात, काही २० इंचीच लिहितात, आणि सगळा घोळ तिथे होतो.

व्यासात फरक १९ मिलिमीटरचा, म्हणजे परिघात जवळजवळ ६० मिलिमीटरचा. ३८७ चा टायर ४०६ च्या रिमवर चढत नाही, कितीही साबणपाणी लावा. बरं, टायरही बीएमएक्सचाच घेऊ म्हणालात, तर ब्रेकचं काय? रिम ब्रेकचे पॅड ३८७ च्या कडेला टेकतील अशा हिशेबाने फ्रेमवरच्या जागा केलेल्या असतात. मोठ्या रिमसाठी ते साडेनऊ मिलिमीटर बाहेर न्यावे लागतील. माझ्या फ्रेमवर तेवढा वावच नाही, पॅड रिमच्या आत तारांकडे सरकतो. ट्रायल्समध्ये मागचा ब्रेक सुटला तर माणूस थेट खाली येतो, त्यामुळे इथे चालवून घेऊ म्हणायची सोय नाही.

रुंदीही वेगळी. ट्रायल्सचा मागचा रिम ४७ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, बीएमएक्सचा त्याहून बराच अरुंद. हवा कमी ठेवावी लागते, आणि अरुंद रिमवर कमी हवेचा टायर बाजूला लोळतो, ट्यूब रिमच्या कडेखाली चेपून फाटते. शिवाय मॉडच्या मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, तारांसाठी बहुधा ३२ भोकं, बीएमएक्सच्या रिमला बहुधा ३६. म्हणजे हबही बदला. आणि हब बदलायला गेलात तर फ्रेममधली जागा ११६ मिलिमीटरची आणि बीएमएक्सचा हब ११० चा. बेलापूरच्या एका मुलाने अशाच कुणाच्या तरी सांगण्यावरून रिम घेतला होता. तो तसाच घरी पडून आहे, आणि दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

एक गोष्ट मान्य करतो. मॉडच्या पुढच्या चाकाचा रिम ४०६ चाच असतो आणि तिथे चांगला बीएमएक्स रिम चालू शकतो. २६ इंची ‘स्टॉक’ सायकलला तर व्यासाचा हा प्रश्नच नाही, दोन्ही चाकं ५५९ ची. कदाचित तुम्ही पुढचं चाक डोळ्यांसमोर ठेवून बोलला असाल. पण लेखाच्या मथळ्यातच ‘मागच्या’ हा शब्द होता. मथळा तरी वाचायचा होता.

बाकीच्या मुद्द्यांत मला फारसा दम वाटत नाही. रिमला पाडलेल्या जादा भोकांनी वजन उतरतं. ग्राइंडरने कडेवर हलके ओरखडे काढले की पॅड घट्ट धरतो. डिस्क ब्रेक असेल तर ग्राइंडरची गरज नाही, हे न सांगताही कळावं. आणि खिशाचं म्हणाल तर हा खेळ स्वस्त आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मुलांच्या पैशांची मला काळजी नाही, हा आरोप मात्र ऐकून घेणार नाही. येऊरला येणाऱ्या मुलांची चाकं मी एक रुपयाही न घेता बांधून देतो. त्यांनाच विचारा.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण तीन गोष्टी मोजून लिहा: तुमच्या मागच्या टायरच्या बाजूवर छापलेला मिलिमीटरमधला व्यास, हबची भोकं, आणि जुन्या रिमचा ईआरडी, म्हणजे एका निपलच्या (तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नळीच्या) बुडापासून समोरच्या निपलच्या बुडापर्यंतचं माप. नव्या रिमचा ईआरडी २ मिलिमीटरने वेगळा असला तरी तार १ मिलिमीटरने बदलते, आणि जुन्याच तारा चालतील की नव्या कापून घ्याव्या लागतील हे त्यावरून ठरतं. हे आकडे दिलेत तर कुठला रिम बसेल आणि जुन्या तारांच्या लांबीत किती फरक पडेल, हे मी तुम्हालाही सांगेन.