‘प्रति’च्या खाली सहा नावं

नागपूरच्या सिव्हिल लाइन्सपासून पायी पंधरा मिनिटांवर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वर्षाचे अकरा महिने भाडेकरार, शपथपत्रं, टीसीच्या प्रती असलंच काम. डिसेंबरात मात्र विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं भरतं आणि अख्खा महाराष्ट्र माझ्या दोन प्रिंटरांवर येऊन पडतो. टीव्हीवाल्यांना अधिवेशन म्हणजे विधानभवनाच्या पायऱ्या दिसतात, मला निवेदनं दिसतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, धानाचा बोनस, जुनी पेन्शन. मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवला जातो आणि शिष्टमंडळातल्या पाच जणांना आत सोडतात. त्या पाच जणांच्या हातातला कागद बरेचदा माझ्याकडून गेलेला असतो. म्हणून विधिमंडळाच्या समित्यांबद्दल हे लिहायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

२०२३ चं अधिवेशन होतं. सकाळी साडेनऊला रत्नागिरीकडचे एक काका आले. नागपूरच्या थंडीचा अंदाज नसावा, अंगात पातळ शर्ट आणि गळ्यात टॉवेल. सोबत एक पोरगा, त्याच्या हातात वहीतून फाडलेली चार पानं. विषय पर्ससीनचा. आपल्या इकडच्या लोकांसाठी सांगतो, पर्ससीन म्हणजे भलं मोठं जाळं. माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालायचा, खालून दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं आणि सगळं वर घ्यायचं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने राज्याच्या हद्दीतल्या समुद्रात याला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. काकांचं म्हणणं, आदेश कागदावर आहे, पण लहान होडीवाल्याला बांगडा मिळेना झालाय. वर रात्री एलईडी दिवे लावून मासेमारी चालते. ती तर २०१७ पासून देशभर बंद आहे.

मी टाइप करायला बसलो. मजकूर अर्ध्या तासात झाला. अडलो ते ‘प्रति’वर. आधी मत्स्यव्यवसाय मंत्री. मग काका म्हणाले, बंदराचं खातं वेगळं, त्यांना पण टाका. मग पर्यावरण, कारण किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामाचे नियम. मग महसूल, कारण कोळीवाड्याचं सीमांकन रखडलंय आणि राहती घरं सातबाऱ्यावर नाहीत. मग गृहनिर्माण, मग नगरविकास. सहा नावांनी अर्धं पान भरलं आणि विषयाची ओळ पानाच्या मध्यावर गेली. मी म्हटलं, “काका, एवढ्यांना कशाला? ज्याचं काम त्याला द्या ना.”

“भाऊ, तेच तर कळत नाय ना, काम कोणाचं ते.”

पैसे देताना त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं समुद्र नाय, मग समुद्राचा निर्णय हितं कशाला होतो?” मी आपलं १९५३ चा नागपूर करार, वर्षातून एक अधिवेशन इथं, वगैरे सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असावं असं वाटलं नाही. जाताना पोऱ्याच्या पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली सुकट काढून काउंटरवर ठेवली. बायकोने ती डबीत भरून आठ दिवस गॅलरीत ठेवली होती, बाप्पा काय तो वास. चटणी मात्र एक नंबर झाली.

त्या सहा नावांनी माझी झोप उडवली, कारण तशीच फाइल माझ्या घरी आहे.

१९८८ मध्ये वडिलांनी एका गृहनिर्माण संस्थेकडून प्लॉट घेतला. पंधराशे चौरस फूट, रजिस्ट्री झाली, नकाशावर तीस फुटांचा रस्ता आणि कोपऱ्यात हिरव्या रंगाचं मैदान. नागपुरात ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत; बाहेरच्यांसाठी, हे मंजुरीविना पाडलेले ले-आउट. लग्नाच्या बोलणीत पोराची नोकरी विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न, “प्लॉटचं आरएल झालं का?” आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. आमचं व्हायचं आहे. असे मंजुरीविना पाडलेले प्लॉट नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा आला तेव्हा वडील म्हणाले, आता झालंच समजा. त्या कायद्याची मुदत होती १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. आम्ही दोन्हीत बसतो. पण रस्ता एकाकडे, सांडपाण्याची गडरलाइन दुसऱ्याकडे, अकृषकची नोंद तिसऱ्याकडे, मोजणी चौथ्याकडे, आणि संस्थेचे सचिव वारले त्याला बारा वर्षं झाली. एका कार्यालयात मला सांगितलं, आधी त्यांचं पत्र आणा. त्या दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, आधी यांचं आणा. चार चकरा झाल्यावर एका बाबूने चहा पाजला आणि खाजगीत म्हणाला, “दोन्ही बरोबर सांगून राहिले, भाऊ.”

माझा राग बाबूवर नाही. या शहरात १९३६ च्या कायद्याने आलेली सुधार प्रन्यास आणि १९५१ ची महापालिका दोघी शेजारी-शेजारी संसार करत आल्या. त्यात शहराबाहेर महानगर प्रदेशाचं प्राधिकरण, एनएमआरडीए, आलं. कोणत्या नालीचा मालक कोण हे आपल्याला पाऊस आल्यावर कळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ते कळलं. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, डागा ले-आउटात आणि कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या पलंगापर्यंत पाणी. तलाव कोणाचा, सांडव्यासमोर बांधकाम कोणाच्या परवानगीने, नाग नदीची भिंत कोणी बांधायची, हे सगळं शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. न्यायालयाने विचारलं, चांगलंच झालं. पण हे प्रश्न विचारायला आपण या शहरातून सहा आमदार निवडून देतो ना?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमदार सभागृहात तारांकित प्रश्न विचारतो तेव्हा तो एका खात्याला विचारतो. मंत्री म्हणतो, “हे अंशतः खरे आहे.” बाकीचं अंश दुसऱ्या खात्याकडे असते. लक्षवेधी सूचना लागली तर दहा-पंधरा मिनिटं. मग “तपासून घेऊ”, “सकारात्मक विचार करू”, पुढचा विषय. २०२४ चं आपलं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांत आटोपलं. सहा दिवसांत कोळीवाडा आणि गुंठेवारी दोन्ही कुठं मावणार?

समितीचं तसं नसते. समितीपुढे चार खात्यांच्या सचिवांना एकाच टेबलावर बसवून विचारता येते, की बाबा, तुमच्या चौघांपैकी कोणी करायचं ते आत्ता इथं सांगा. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, विनंती अर्ज आणि आश्वासन समिती या सगळ्या आपल्या विधिमंडळात आहेत. त्यातली आश्वासन समिती मला भारी आवडते. मंत्र्याने सभागृहात “तीन महिन्यांत करू” म्हटलं की ते वाक्य तिथं नोंदवून घ्यायचं आणि नंतर विचारायचं, केलं का? घरी बायको करते तेच काम, फक्त विधिमंडळाच्या नियमाने.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक माजी आमदार दुकानात आले होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. हातात एका जुन्या समितीचा अहवाल, प्रत्येक पानावर हिरव्या शाईच्या खुणा. सगळ्या पानांची झेरॉक्स हवी होती. मशीन गरम झालं म्हणून थांबावं लागलं, तेवढ्यात मी विचारलं, “साहेब, हे काय हो?” माणूस एकदम खुलला. अर्धा तास बोलले. अधिकारी कनिष्ठाला पाठवतात, मग बैठक पुढे ढकलायची. लेखी उत्तर आदल्या रात्री येते, तेही दोनशे पानांचं, म्हणजे कोणी वाचू नये. दौऱ्यावर गेलं की आधी जेवणाची व्यवस्था दाखवतात, मग काम. एकदा यांनी जेवण टाळून सरळ घरकुलांच्या जागेवर गाडी नेली, तर यादीतली अर्धी घरं जोत्यापर्यंतच आली होती.

“मग निवडणुकीत याचा उपयोग झाला का?”

हसले. “लोक म्हणाले, मुंबईतच राहते, लग्नाला येत नाही.”

हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. कारण मी तेच म्हणणाऱ्यांतला. आमच्या मोहल्ल्यात आमदाराची किंमत तीन गोष्टींवर ठरते: तेरवीला आला का, गट्टू लावले का, फोन उचलते का. तो कोणत्या समितीवर आहे, किती बैठकांना हजर होता, अहवालाला कधी भिन्नमत पत्रिका, म्हणजे आपलं वेगळं मत, जोडली का, हे आजवर एकाही चौकात, एकाही पानठेल्यावर मी ऐकलं नाही. परीक्षेत जे येत नाही ते पोरगं वाचत नाही. आमदाराने का वाचावं?

कोणी म्हणेल, समित्या म्हणजे वेळकाढूपणा. “समिती नेमली” म्हणजे विषय गुंडाळला असा आपल्याकडे अर्थच झालाय, आणि त्यात तथ्य आहे. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, अहवाल पटलावर ठेवला की पत्रकारांच्या लेखी त्याची बातमी नसते, शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो तेव्हा अर्धे आमदार विमानतळाच्या वाटेवर असतात. मान्य. पण दुसरी बाजू पण बघा. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, १२ हजारांवर सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं तेव्हा मसुद्यातले शब्द बदललेले होते. त्या कायद्याला तुमचा विरोध असो की पाठिंबा, शब्द समितीत बदलले हे खरं. कायद्यात शब्दच तर असतात.

गुंठेवारीचंच घ्या. तारीख २००१ वरून २०२० वर नेली, माझ्यासारख्याला बरंच वाटलं. पण खोलीत दार लावून कोणी खोदून विचारलं असतं का, की ज्यांनी मैदान दाखवून प्लॉट विकले आणि मग मैदानाचेही तुकडे विकले, त्यांच्याकडून नालीचे पैसे वसूल का नाही? विकास शुल्क भरायचं प्लॉटवाल्याने, पैसे कमावले ले-आउटवाल्याने. आणि तारीख एकदा पुढे गेली की शहराबाहेर शेतात चुन्याच्या रेघा मारणाऱ्याला काय संदेश जातो? हे प्रश्न सभागृहाच्या गोंगाटात विचारायचे नसतात, ते टेबलावर नकाशा पसरून विचारायचे असतात.

समुद्राचंही तेच. सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. चाळीस वर्षं अवैध मासेमारीचे खटले तहसीलदारापुढे चालायचे, म्हणजे ज्याच्या टेबलावर आधीच सातबारे, दाखले आणि निवडणूक, त्याच्याकडेच जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं, माप. २०२१ मध्ये ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिले. एवढी साधी दुरुस्ती व्हायला चाळीस वर्षं लागली. संसदेत विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत, तिथंही मासेमारी शेतीच्या समितीकडे, बंदरं वाहतुकीच्या आणि किनारा पर्यावरणाच्या. मासा तोच, पाणी तेच, पण फाइल तीन.

आणि नागपूरला समुद्राशी काय घेणंदेणं, असं म्हणू नका. आपली नाग नदी आपली घाण घेऊन कन्हानला जाते, कन्हान वैनगंगेला, तिथं गोसीखुर्दचं धरण. त्या पाण्यावर भंडाऱ्याकडचा ढिवर समाज जाळं टाकतो. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. रत्नागिरीच्या काकांचा समुद्र वेगळा आणि आपला वेगळा, एवढंच. माशाचं नुकसान दोन्हीकडे सारखं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मे महिन्यात नवं गृहनिर्माण धोरण आलं, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं. दोन्ही ठळक बातम्या होत्या. आता त्या दर्जाने मिळणारी वीजदराची सवलत होडीवाल्याच्या बर्फापर्यंत पोचते का, त्या ३५ लाखांतलं एखादं घर कोळीवाड्यात किंवा आमच्या ले-आउटात उभं राहते का, हे कोण तपासणार? बातमी देणारा मंत्री तर नक्कीच नाही.

त्या माजी आमदारांनी जाताना एक गोष्ट सांगितली. निवेदन म्हणजे मंत्र्याच्या पीएच्या टेबलावरचा एक कागद, पण विनंती अर्ज सदस्यामार्फत रीतसर सादर झाला की त्याची नोंद होते, तो समितीपुढे जाऊ शकतो. तेव्हापासून कॉम्प्युटरवर एक नमुना करून ठेवलाय. डिसेंबरात कोणाच्या ‘प्रति’त चारपेक्षा जास्त नावं झाली की मी सुचवतो, हेही करून ठेवा, आमदाराची सही घ्या. बहुतेक म्हणतात, “राहू द्या भाऊ, मोर्चा निघून राहिला.” दोघांनी नेला. एक जण सही घेऊन परत आला होता, प्रती काढायला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

माझ्या प्लॉटचाही तयार आहे, दोन पानं, नकाशा जोडलेला. ‘मार्फत’ पुढची जागा अजून कोरी आहे. आमचे आमदार मागच्या महिन्यात एका लग्नात भेटले होते, जवळ गेलो, तर फोटोसाठी इतकी गर्दी की मीही फोटोच काढून आलो.