सहीपुरता नवरा

घराचं कर्ज एकट्या हिच्या नावावर काढायचं, हे आमच्या घरात एकमतानं ठरलं. एकमत म्हणजे हिचं. माझं मत कुणी मागितलं नव्हतं, सिबिल मागितला होता. कर्जफेडीचे गुण मोजणाऱ्या ३०० ते ९०० च्या त्या पट्टीवर मी ५८० वर होतो. लग्नांचे फोटो काढणं हा माझा धंदा. लेन्सचे दोन हप्ते चुकले, तेही नेमके चातुर्मासात. देव चार महिने झोपतात, बँक झोपत नाही.

ही सरकारी हायस्कुलात शिक्षिका. पगार वेळच्या वेळी. शिवाय काही बँका बाईच्या नावावरच्या कर्जाला व्याजात ०.०५ टक्का सूट देतात. ४० लाखांवर ते पहिल्या वर्षाला साधारण २,००० रुपये.

"तुला वगळलं की दोन हजार वाचतात," ही म्हणाली. माझी इतकी नेमकी किंमत आजवर कुणी काढली नव्हती.

फोंड्यातल्या एका बँकेत गेलो. माझं काम फक्त स्कूटर चालवण्याचं. कर्जाचा साहेब नागपूरहून नुकताच बदलून आलेला. "मॅडम एकट्याच? काही अडचण नाही," म्हणत त्यानं फाइल उघडली. मी खाली जाऊन मिक्स भजी खाल्ली. या सगळ्या प्रकरणातला सुखाचा दिवस तेवढाच.

आठवड्यानं बँकेच्या वकिलांचा शेरा आला : नवऱ्याची सही हवी.

साहेब चक्रावला. "मॅडम, मिस्टरांचा याच्याशी काय संबंध?" हा प्रश्न मलाही घरात अधूनमधून पडतो.

मग वकीलबाबांकडे गेलो. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर आणि शोध टेबलावर.

"लग्नाची नोंद गोव्यातच ना? लग्नाआधी करार केलेला?"

"हॉलवाल्याशी केलेला."

"तो नव्हे हो. मालमत्तेचा."

लग्नाआधी आमची चर्चा झाली होती ती पंगतीत खतखतं हवं की नको, एवढ्यावर. वकीलबाबांनी चष्मा नाकावर आणला आणि समजावलं. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, गोव्यात १८७० पासून लागू. पोर्तुगीज १९६१ ला गेले, संहिता राहिली. आधी वेगळा करार केला नसेल तर लग्न लागताच दोघांची मालमत्ता एक होते आणि तीत दोघांचाही निम्मा वाटा. मागाहून 'आता वेगळं करूया' म्हणायची सोय नाही.

"फ्लॅट बायच्या नावावर घ्या, हप्ता बायच्या पगारातून भरा, तरी अर्धा तुमचा. मग तुमच्या सहीशिवाय तो गहाण कसा पडणार?"

हिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती संहिता मीच बोटीत घालून आणली.

गोव्यात लग्नाच्या नोंदणीला दोनदा सह्या कराव्या लागतात. पहिली इच्छा जाहीर करताना, दुसरी पंधरा दिवसांनंतर. मधले दिवस हरकती मागवायला. हिची हरकत बारा वर्षं उशिरा आली.

तशी या अर्ध्या-अर्ध्याची आम्हाला सवय असायला हवी होती. आयकर कायद्याप्रमाणे पगार सोडून बाकी उत्पन्न गोव्यातल्या अशा नवरा-बायकोंच्या रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं दाखवतात. हिच्या ठेवींचं अर्धं व्याज दरवर्षी माझ्याकडे येतं. रिटर्नमध्येच. माझ्या धंद्याचा अर्धा नफा हिच्याकडे जातो, तेव्हा ही सीएला विचारते, "हा आकडा चुकून आलाय का?"

सही द्यायला मी एका पायावर तयार होतो. पण साहेबाच्या कॉम्प्युटरला नुसती सही पचेना. मालकीत वाटा आहे तर सहअर्जदार व्हा. सहअर्जदार म्हटल्यावर सिबिल आला. म्हणजे ज्या माणसाला टाळायला एवढा खटाटोप, तोच मागच्या दारानं पुढं येऊन बसला. शेवटी लेन्सची थकबाकी हिनं भरली (त्यावर मी काही बोलणार नाही), थकबाकी नसल्याचा दाखला जोडला आणि महिनाभरानं फाइल हलली. माझ्या नावापुढे शेरा पडला : 'उत्पन्न विचारात घेतलेलं नाही.' सासऱ्यांनी लग्न ठरवताना हेच केलं होतं, फक्त लेखी नव्हतं.

सह्यांच्या दिवशी मी पानामागून पान रंगवत होतो. ही शांतपणे बघत होती. बाहेर आल्यावर मी खिशातून किल्ली काढली.

"स्कूटर कुणाच्या नावावर आहे रे?"

"माझ्या."

"म्हणजे अर्धी माझी," म्हणत हिनं किल्ली घेतली आणि पुढच्या अर्ध्यावर बसली.