दूध भरपूर पाजलं म्हणजे रक्त भरतं?

आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘बाळाला दोन वर्षांपर्यंत गाईचं दूध भरपूर द्या, त्यात सगळं असतं. रक्त कमी असलंच तर बीट, डाळिंब द्या. सरकारी लोहाचं औषध देऊ नका, त्याने शी काळी होते, दात खराब होतात, शरीरात लोह साचतं. ॲनिमिया गरिबाघरच्या मुलांना होतो.’ हा मेसेज वाचून औषधाची बाटली कपाटात ठेवून देणारे पालक आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दुधात सगळं असतं, हा दावा नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीच कोसळला. डॉ. हेलन मॅके पूर्व लंडनमधल्या मुलांच्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये काम करत. त्याआधी, पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत, त्यांनी व्हिएन्नात पोषणशास्त्रज्ञ हॅरिएट चिक यांच्यासोबत मुडदुसावर संशोधन केलं होतं. लंडनमध्ये त्यांनी कामगारवस्तीतल्या तान्ह्या मुलांचं हिमोग्लोबिन मोजलं. वरवर धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी बाळांच्या अंगात रक्त कमी होतं, आणि वरच्या दुधावरच्या बाळांत हे प्रमाण जास्त होतं. मग काही बाळांना त्यांनी लोह दिलं. त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं आणि, मॅके यांच्या नोंदीप्रमाणे, आजारपणही कमी झालं. १९३१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने हे काम अहवाल म्हणून छापलं. १९३४ मध्ये मॅके लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या पहिल्या महिला फेलो झाल्या. लहान मुलांच्या ॲनिमियाबद्दल आज आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंच त्यांनी बाळागणिक रक्त तपासून मिळवलेलं आहे.

कारण सरळ आहे. लिटरभर गाईच्या दुधात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, आणि असतं त्यातलं जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतं. आईच्या दुधातही लोह थोडंच, पण ते कितीतरी चांगलं शोषलं जातं. पूर्ण दिवसांचं बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर वरचं अन्न लागतंच. शिवाय वर्षाच्या आत गाईचं दूध दिलं तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. पोट दुधाने भरलेलं मूल वरणभात नको म्हणतं, लोह कमी पडून भिंतीचे पोपडे खातं, आणि घरचे म्हणतात, ‘दूध तर छान पितो!’

बीट आणि डाळिंब लाल असतात, बस इतकंच. बिटात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नाही, डाळिंबात त्याहून कमी. ती खायला चांगली, पण औषध नव्हे. मऊ शिजवलेली डाळ, पालेभाजी, खात असाल तर अंडं, मासे, खिमा द्या आणि डाळीवर लिंबू पिळा. चहा मात्र मुलांना देऊ नका. चहाबिस्किटावर वाढणाऱ्या मुलाच्या पोटात गेलेलं थोडंफार लोहही चहामुळे नीट शोषलं जात नाही.

आता औषध. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप देतात. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. शी काळी होते हे खरं, पण ते न शोषलेलं लोह असतं, घाबरायचं काही नाही. दातांवर डाग पडू शकतो, पण तो वरवरचा. जिभेच्या मागच्या बाजूला थेंब सोडा आणि वर पाणी पाजा.

गरिबांचा आजार म्हणणाऱ्यांसाठी: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांत ॲनिमिया आढळला. इतका मोठा आकडा फक्त गरीब घरांतून येत नाही.

लोह साचण्याच्या भीतीत मात्र तथ्य आहे, ते झाकायचं नाही. थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यातून लोह साचतं. त्यांना हे सिरप द्यायचं नसतं. विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथे ॲनिमियाचं कारण वेगळं असू शकतं. टांझानियाच्या पेंबा बेटावर, मलेरियाच्या भागात, लोह दिलेल्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचं २००६ मध्ये दिसलं. म्हणून मलेरियाग्रस्त भागात लोहासोबत मलेरियाचा प्रतिबंध आणि उपचार हवेतच. तुमचं मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल, किंवा घरात कुणाला सिकलसेल वा थॅलेसेमिया असेल, तर आधी रक्त तपासून घ्या आणि रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांना दाखवा.