साहेब, पोट साफ होतं का?

सर्दी झालेल्या माणसाला लोक फार तर गवती चहा सुचवतात आणि लांब सरकतात. मुरुम झालेल्या माणसाच्या मात्र ते जवळ येतात. कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवतात आणि विचारतात, "पोट साफ होतं का?" हा प्रश्न मला मामीने विचारलाय, सलूनवाल्याने विचारलाय आणि एकदा कराड-सातारा एसटीच्या कंडक्टरनेही विचारलाय. माझे राहिलेले सुट्टे पैसे त्याने शेवटपर्यंत दिले नाहीत, सल्ला मात्र लगेच दिला.

आईची भिस्त सहाणेवर. दुधात जायफळ उगाळायचं, मुरुमांवर ठेवायचं आणि झोपायचं. जायफळ उगाळणं हा सहनशक्तीचा व्यायाम आहे. हात भरून येईपर्यंत गोल फिरवल्यावर जेमतेम नखभर गंध निघतं. वर रात्रभर उशीला बासुंदीचा वास. मुरुम होते तिथेच राहिले, भूक तेवढी वाढली.

मग मुलतानी माती आली. माती वाळेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही, असा आईचा हुकूम. नेमका तेव्हाच गॅसवाला दारात. "ओटीपी सांगा." मी बोटांनी दाखवायला लागलो. चार, एक, मग शून्यासाठी मूठ. मूठ पाहून तो एक पायरी खाली उतरला. "साहेब, वहिनींना बोलवा ना," तो म्हणाला. घरात वहिनी नाही, माझं लग्न व्हायचंय आणि त्याचसाठी ही माती चाललीय, हे सगळं बोटांनी सांगणं शक्य नव्हतं.

वैद्यांकडे गेलो तेव्हा निदान बसायला खुर्ची मिळाली. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सुश्रुताचा श्लोक म्हटला. तरुणांच्या तोंडावर कफ, वात आणि रक्त यांच्यामुळे शाल्मलीच्या काट्यांसारख्या पिटिका येतात, त्या मुखदूषिका. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. पाटणच्या रस्त्याला एका सावरीच्या बुंध्याशी मी मुद्दाम गाडी थांबवली. बुडाशी रुंद, वर निमुळता, टोकाला अणकुचीदार असा एकेक काटा. सुश्रुताने हे माझा डावा गाल समोर ठेवूनच लिहिलं असावं. वर्णन इतकं चपखल होतं की उपाय अर्धा लागू पडला तरी चाललं असतं. लोध्र, धणे आणि वेखंडाचा लेप तसा सुखाचा होता. महामंजिष्ठादी काढ्याबद्दल मात्र मी बोलणार नाही. पाडव्याला वर्षातून एकदा गुळाचा आधार घेऊन आपण कडुनिंब खातो. तो आता रोज होता आणि गूळ बंद होता.

होमिओपॅथीचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी पाऊण तास माझी चौकशी केली. गडगडाटाची भीती वाटते का, झोपेत घाम येतो का, राग गिळता की बोलून दाखवता. इतक्या आपुलकीने घरातही कोणी विचारलेलं नाही. कॉफी आणि कच्चा कांदा बंद करून साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची बाटली घेऊन आलो. भाच्याने ती एका दुपारी संपवली. त्याला काहीच झालं नाही. मलाही झालं नव्हतं.

पण खरी परीक्षा नोव्हेंबरात. मी बँकेत पेन्शनच्या काउंटरवर बसतो आणि नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. झिजलेले अंगठे मशीनवर उमटत नाहीत. आजोबा अंगठा धोतराला पुसतात, पुन्हा टेकवतात, मशीन पुन्हा नाही म्हणतं. तेवढ्या वेळात मशीनला त्यांचा अंगठा वाचता येत नसला, तरी त्यांना माझं तोंड नीट वाचता येतं. एक निवृत्त गुरुजी तर काचेच्या फटीतून बोट आत घालून मुरुम मोजू लागले. "एरंडेल घ्या साहेब. रात्री दोन चमचे. सकाळी कोठा साफ आणि चार दिवसांत गाल साफ." मागच्या रांगेतून कोरफडीचा प्रस्ताव आला, त्याला गोमूत्राची उपसूचना आली. एका आजींनी शिळ्या थुंकीचा रामबाण सांगितला आणि तो करून दाखवायचीही त्यांची तयारी होती.

आमच्या कॅशियरने स्वतःच्या अनुभवाचं मलम आणलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेलं. चार दिवसांत तो खरंच उजळला होता. मलम थांबवल्यावर गाल असा लाल झाला की आता तो डबा खायलाही उन्हातून पलीकडे जात नाही. त्यात स्टेरॉइड होतं. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने 2018 साली नियम कडक केले, पण मेडिकलवाल्याच्या आपुलकीपुढे नियम काय करणार!

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं: हार्मोनमुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत जंतू माजतात आणि सूज येते. या वाटेवर कोठा कुठेच लागत नाही! मला भरून आलं. धीर करून चॉकलेटचंही विचारलं. 1969 साली अमेरिकेत 65 जणांना, त्यात काही कैदीही होते, महिनाभर चॉकलेट आणि महिनाभर चॉकलेटविना तसलीच वडी देऊन पाहिली होती. मुरुमांत फरक पडला नाही. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी भरपूर होती, म्हणून पुढे लोकांनी त्या प्रयोगावर बोट ठेवलं. साखर आणि मैद्याचा थोडाफार संबंध असावा, असं आता म्हणतात. म्हणजे चॉकलेट तूर्त जामिनावर सुटलं आणि माझी जिलेबी अडकली.

बाईंनी सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अडापलीन दिलं. वाटाण्याएवढं घ्यायचं, तेही अख्ख्या चेहऱ्याला मिळून. "ओला वाटाणा की वाळलेला?" आईने विचारलं. बाई पुढे म्हणाल्या, आधी थोडे वाढतील, मग कमी होतील, बारा आठवडे धीर धरा. नाहीच हटले तर जोरदार गोळ्या आहेत, पण त्याआधी रक्त तपासावं लागेल. आईने एवढंच ऐकलं. "बघ! रक्तच खराब आहे. मी कधीची सांगतेय!"

खरा छळ मुरुमांचा नाही, या बारा आठवड्यांचा. गुरुजींची आडसाली उसाची शेती आहे. दीड वर्ष उभ्या उसाची वाट पाहणारा हा माणूस माझ्या गालाला चार दिवसांवर एक दिवस द्यायला तयार नव्हता. "अजून आहेतच की! एरंडेल घेत नाही तुम्ही." त्यात घरी वेगळंच प्रकरण झालं. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. आईने खास सोलापुरातून आणलेल्या गडद निळ्या टॉवेलवर एका सकाळी फिकट पिवळसर कपाळ, दोन गाल आणि हनुवटी उमटली. नाकाच्या जागी निळं तसंच. आई तो टॉवेल शेजारणींना दाखवायची. "कापडाचं हे केलं, तर कातडीचं काय करत असेल!"

यथावकाश गाल निवळले. आई म्हणते जायफळ मुरलं. मामी म्हणते वैद्यांचा काढा उशिरा लागू पडतो. होमिओपॅथीवाले भेटले, तेही समाधानाने हसले.

परवा गुरुजी नातवाला घेऊन आले. सोळा-सतरा वर्षांचं पोर, गालावर ऐन बहर. "दाखवा साहेब, गाल दाखवा ह्याला," गुरुजी रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "एरंडेल! मीच दिलं होतं सांगून." पोराच्या डोळ्यांत दोन चमचे स्पष्ट दिसत होते. गुरुजी अंगठा पुसायला वळले, तेवढ्यात मी पैसे भरायच्या स्लिपमागे बाईंचं नाव आणि दवाखान्याची वेळ लिहून काचेखालून सरकवली.

"काय रे दिलं?" गुरुजींनी विचारलं.

"केवायसीचा फॉर्म आहे, आजोबा," पोरगं म्हणालं आणि त्याने स्लिप चार घड्या घालून खिशात टाकली.