तोंडी सांगू नका, अर्ज लिहून द्या

परवा आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधली एक मैत्रीण जिन्यातच थांबवून सांगत होती, लेकीच्या टीचर म्हणाल्या, 'हुशार आहे हो, पण लक्ष देत नाही, घरी जरा करून घ्या.' मला हसूच आलं, म्हणजे वाईट अर्थाने, कारण पहिली ते चौथी चार वर्षं चार वेगवेगळ्या बाईंनी माझ्या मुलाबद्दल मला शब्दन्शब्द हेच ऐकवलंय. आणि मी घेतलं ना करून! इतकं घेतलं की पोराला गणिताची वही दिसली की पोटात दुखायला लागायचं.

पंचवीस म्हटलं की हा ५२ लिहायचा. मराठीत पाच आधी ऐकू येतो, तोच आधी कागदावर उतरतो. (२०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा आख्ख्या महाराष्ट्राने टिंगल केली होती, मीपण दोन-तीन जोक फॉरवर्ड केलेले. आता घरात दार लावून 'वीस पाच' असंच शिकवते, काय सांगू.) घरचं धर, भाऊचा माऊ, वेलांट्या गायब. पण धडा मात्र घडाघडा वाचायचा, म्हणून मी निर्धास्त. एकदा भाजी निवडता निवडता सहज पुस्तकात डोकावले तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी ओळ. ताई मोठ्याने वाचायची ते ऐकून पाठ केलेलं सगळं! पुस्तक बंद केलं तरी पुढचं परिच्छेदभर म्हणून दाखवलं त्याने, आणि वर माझ्याकडे असं बघितलं ना, चोरी पकडल्यासारखं. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मग मी शाळेत जाऊन बोलले. एकदा नाही, वर्षभरात पाच-सहा वेळा. 'हो हो बघू', 'थांबा, होईल मोठा झाल्यावर'. माझी ऐरोलीची नणंद बालवाडीत शिकवते, ती म्हणाली, "वहिनी, तोंडी बोललेलं शाळेच्या दारातच विरतं, तू अर्ज टाक." आणि ही पोस्ट मी तेवढ्यासाठीच लिहितेय. अर्ज टाका. मुख्याध्यापकांच्या नावाने, तारीख घालून, दोन प्रती करून, एकीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. 'ठेवा इथे, मॅडमना देते' म्हणाल्या तरी हलू नका.

अर्जात मी 'माझा मुलगा मागे पडतोय' असलं मोघम काही लिहिलं नाही. काय दिसतं तेवढंच लिहिलं. ५२-२५ चं, फळ्यावरून उतरवताना निम्मी ओळ सुटते ते, तोंडी विचारलं की सगळं येतं पण लेखीत भोपळा ते. सोबत वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स. आणि खाली स्पष्ट मागणी, की मुलाची अध्ययन अक्षमतेसाठी (म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं ती) तपासणी व्हावी आणि त्यासाठी शाळेने रिपोर्ट द्यावा.

हे काही उपकार मागणं नाहीये हो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यातला एक. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ही नव्हतीच. नव्या कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलंय की मान्यताप्राप्त शाळेतल्या मुलांमधली ही अडचण लवकरात लवकर ओळखायची आणि त्यावर उपाय करायचे. म्हणजे शोधायचं काम शाळेचं, आणि धावपळ कोण करतंय, तर आई. कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं आहे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि शाळेतल्यांनाही नव्हतं, किंवा असेल तर सांगितलं नाही.

अर्ज दिल्यावर लगेच बोलावणं आलं, हे पण बघा. वर्षभर कोणाला वेळ नव्हता, शिक्का पडल्यावर चार दिवसांत मीटिंग. तिथे मॅडम म्हणाल्या, 'कशाला अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटच्या मागे लागता, पोरगा नॉर्मल आहे, उगाच कपाळावर शिक्का.' मी म्हटलं मॅडम, वर्गात त्याला सगळे 'ढ' म्हणतात, तो शिक्का कोणी मारला? त्यावर गप्प. तरी रिपोर्टचं पत्र हातात पडायला पाच आठवडे गेले.

घरी वेगळंच. सासूबाई म्हणाल्या, "याचा बाबा पण असाच होता, काही अडलं का?" हे काहीच बोलले नाहीत. रात्री मी ओटा पुसत होते तेव्हा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बँकेचा फॉर्म नेहमी तूच का भरतेस, कधी विचार केलास? बारा वर्षं झाली लग्नाला. मला वाटायचं कंटाळा करतात.

तपासणीचं थोडक्यात सांगते. आधी डोळे आणि कान तपासतात, चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणं हे कारण नाही ना ते बघायला. मग बालरोगतज्ज्ञ, मग सायकॉलॉजिस्ट बुद्ध्यांक काढतात, मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. एका दिवसात होत नाही, डबा घेऊन जा. मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी मराठीतून होणार का ते आधीच विचारा. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने डाली म्हणून चाचणी केलीय ती मराठीतही आहे. सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, पण शिकवायची पद्धत बदलायला सर्टिफिकेट लागत नाही. नवी मुंबईवाल्यांना वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे जाऊन चौकशी तरी करा.

आमचे दोन सेशन झालेत. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर ठाणे स्टेशनला कुंजविहारचा वडापाव खाताना म्हणतो, "आई, त्या मॅडम चुकलं तरी लाल पेन काढतच नव्हत्या." आणि दुसरा वडापाव मागितला.

तिसरं सेशन मंगळवारी आहे, सकाळी सातची लोकल पकडायचीय. अर्जाचा नमुना कोणाला हवा असेल तर मेसेज करा, नावं खोडून फोटो पाठवते. जिन्यातल्या मैत्रिणीला दिलाय, तिने अजून शाळेत दिलेला नाही, 'टीचरना वाईट वाटेल' म्हणते.