जीन थेरपीचा तो संदेश आणि बाळाचा सीबीसी

सध्या कोल्हापुरातील व्हॉट्सॲप समूहांवर एक संदेश फिरतो आहे: ‘जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांना जीन थेरपीचे एक इंजेक्शन पुरते, 1990 मध्येच एक मुलगी त्याने कायमची बरी झाली, धोका शून्य, दोष पुढच्या पिढीतही जात नाही, तेव्हा बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या खर्चात पडू नका, थांबा.’ उपचारपद्धती खरी आहे, आणि म्हणूनच संदेशातील चुका चटकन लक्षात येत नाहीत.

इंजेक्शन हा शब्दच फसवा आहे. बाळाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून घेऊन, निकामी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत निर्दोष जनुक पोहोचवले जाते आणि अस्थिमज्जेत (बोन मॅरोत) त्यांना जागा व्हावी म्हणून बहुधा केमोथेरपीचा सौम्य डोस देऊन मगच त्या शिरेतून परत सोडल्या जातात. संदेशातले ‘इंजेक्शन’ म्हणजे केवळ ही शेवटची पायरी.

14 सप्टेंबर 1990 रोजी अमेरिकेत एडीए हे विकर (एन्झाइम) नसल्याने प्रतिकारशक्ती खालावलेल्या चार वर्षांच्या मुलीवर उपचार झाले, हे खरे. परंतु तेव्हा मूळ पेशी नव्हे, तर रक्तातील टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वापरल्या होत्या आणि विकराची इंजेक्शने पुढेही चालूच राहिली, त्यामुळे सारे श्रेय जनुकाला देता येत नाही.

‘धोका शून्य’ हे विधान मात्र अक्षम्य आहे. पॅरिस आणि लंडन येथे याच आजाराच्या, एक्स गुणसूत्राशी निगडित प्रकारच्या वीस मुलांवर जे पहिले उपचार झाले, त्यांपैकी पाच जणांना पुढे ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला आणि एक मूल दगावले, कारण त्यांपैकी बहुतेकांत विषाणूने नवे जनुक एलएमओ2 या, पेशींची वाढ भडकवू शकणाऱ्या जनुकाशेजारी नेऊन बसवले आणि हे एलएमओ2 भलतेच जागे झाले. नंतर विषाणूची रचना बदलण्यात आली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीए प्रकारची पन्नासही मुले जिवंत होती, 48 जणांत नव्या पेशी टिकल्या आणि ल्युकेमिया कोणालाही झाला नाही. हे यश मोठेच आहे, पण ते एका प्रकारापुरते; जन्मजात प्रतिकारदोष साडेचारशेहून अधिक आहेत.

पुढच्या पिढीचे म्हणाल, तर दुरुस्ती रक्तपेशींत होते, बीजपेशींत नाही. एक्स प्रकारातून बरा झालेला मुलगा आपल्या प्रत्येक मुलीला तेच सदोष जनुक देईल.

राहिले ‘थांबा’. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळत असेल आणि प्रत्यारोपण पहिल्या साडेतीन महिन्यांत, संसर्ग होण्यापूर्वी झाले, तर नव्वद टक्क्यांहून अधिक बाळे वाचतात. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात गंभीर संयुक्त प्रतिकारदोषाचा, म्हणजे याच आजाराचा, समावेश आहे आणि 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. वाट पाहण्यात जातो तो नेमका हाच काळ.

त्यापेक्षा वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या, वजन न धरणाऱ्या बाळाचा सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) कागद पुन्हा उघडावा. समजा, एकूण पांढऱ्या पेशी 6000 आणि त्यांतील लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पेशी) 20 टक्के, म्हणजे 1200. शेजारी छापलेली मर्यादा अनेकदा प्रौढांची असते, त्यामुळे या आकड्यापुढे ठळक खूण उमटत नाही. तान्ह्या बाळात मात्र लिम्फोसाइटचा तीन हजारांखालचा आकडा बालरोगतज्ज्ञांना तातडीने दाखवायलाच हवा. आणि घरात आधीचे मूल अशाच आजाराने गेले असेल, तर नव्या बाळाला बीसीजी टोचण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावे, कारण त्या लसीतील जंतू जिवंत असतात.