नोट्स राहू दे, आधी लासलगावचा भाव उघड

माझी भाची यंदा पुण्यात एफवायबीएला आली, अर्थशास्त्र घेऊन. दुसऱ्याच आठवड्यात तिचा मेसेज: "आत्या, इकोचं ऑनलाइन काही चांगलं असेल तर पाठव ना. मराठीत असेल तर बेस्ट." अठरा वर्षं मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवते, त्यामुळे हा मेसेज मला दर जून-जुलैत कुणाचा ना कुणाचा येतोच. एरवी मी चार नावं पाठवून मोकळी होते. पण ही घरची, म्हणून रविवारी तिच्या खोलीवरच गेले.

तिच्या मोबाइलमध्ये आधीच टेलिग्रामचे तीन ग्रुप होते आणि कुठल्याशा क्लासच्या नोट्सची जाडजूड पीडीएफ. चाळली. त्यात नियोजन आयोग अजून जिवंत आहे आणि "सध्याची" पंचवार्षिक योजना बारावी आहे! त्याच्या जागी नीती आयोग १ जानेवारी २०१५ला आला, बारावी योजना २०१७ला संपली, तेरावी झालीच नाही. पण पीडीएफ फिरतेच आहे. ही पोर ते पिवळ्या हायलायटरने रंगवत बसली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की अर्थशास्त्राचं ऑनलाइन साहित्य शोधताना आपण शोधतो ते दुसऱ्याने चावून दिलेलं. नोट्स, वन-शॉट व्हिडिओ, "महत्त्वाचे पन्नास प्रश्न". कच्चा माल मात्र सरकार फुकट देतं आणि तिकडे कुणी फिरकत नाही. इतिहासाच्या पोराला दफ्तरखान्यात जायला परवानगी लागते, रसायनशास्त्रवाल्याला प्रयोगशाळा लागते. आपली प्रयोगशाळा मोबाइलवर उघडते.

म्हणून तिला पहिलं पान उघडायला लावलं ते कृषी पणन मंडळाचं. शेतमाल कांदा, बाजार समिती लासलगाव. समोर तक्ता: जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. सगळं मराठीत, रोजच्या रोज. ती म्हणाली, "हे तर बाबा बघतात." बघतात ना! तेच तर. बाबा बघतात ते मागणी-पुरवठ्याचं प्रकरण आहे, फक्त त्यांना मार्क मिळत नाहीत.

मग वहीत दोन रकाने पाडले, आवक आणि सर्वसाधारण दर. डिसेंबर-जानेवारीचा लाल कांदा आणि पुढे एप्रिल-मेपासूनचा उन्हाळ कांदा. लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो, भाव पडला तरी ट्रॅक्टर बाजारात न्यावाच लागतो. उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, म्हणजे भाव पटला नाही तर शेतकरी थांबू शकतो. पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की पुरवठा किती बदलतो ते, मी वर्षानुवर्षं फळ्यावर दोन रेषा काढून शिकवली आणि पोरांनी माना डोलावल्या. हिला कांदाचाळ म्हटल्यावर पाच मिनिटांत कळली. (रांगडा कांदा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो हे तिनेच विचारलं. उत्तर मी दिलं नाही, शोध म्हटलं.)

तिथून पुढे धोरणावर जाता येतं. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदीच आली, ती मे २०२४च्या सुरुवातीला उठली, आणि उरलंसुरलं शुल्क १ एप्रिल २०२५ला गेलं. या चार तारखा वहीत लिही आणि प्रत्येक तारखेच्या आधीच्या-नंतरच्या पंधरा दिवसांचे भाव काढ. मग सांग, बंदीचा फायदा कुणाला झाला आणि पैसा कुणाच्या खिशातून गेला. यावर कुठल्याही क्लासची नोट मिळणार नाही. मिळाली तरी ती लिहिणारा कुठल्या पक्षाचा आहे ते आधी बघावं लागेल.

दुसरा धडा महागाईचा, आणि तो तिच्याच रागातून निघाला. "चार टक्के चार टक्के करतात, माझ्या मेसने तर केवढे वाढवले!" छान. रिझर्व्ह बँकेला २०१६पासून ४ टक्क्यांचं लक्ष्य दिलंय, वर-खाली २ टक्के सूट, हे तिला पाठ होतं. पण ती महागाई मोजतात कशी, हे बघायला सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवरचे भारांक, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात कुठल्या वस्तूचा वाटा किती धरलाय ते, उघडावे लागतात. २०१२ पायाभूत वर्ष (ज्याच्या किमतींशी तुलना करतात ते) धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा देशपातळीवर ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागात ५४.१८, शहरी भागात ३६.२९. घरभाड्याच्या ओळीवर मात्र ती थांबली. त्या शहरी निर्देशांकात २१.६७ आणि ग्रामीणमध्ये काहीच नव्हतं.

"गावात भाडं नसतं असं धरलंय का यांनी?"

हा प्रश्न पडला, इथे अर्थशास्त्र सुरू झालं. तिला म्हटलं, आता तुझे स्वतःचे भारांक काढ. खोलीभाडं, मेस, बस पास, रिचार्ज, झेरॉक्स. महिन्याच्या खर्चाचे शंभर भाग कर आणि गेल्या वर्षी तुझ्या खोलीत राहणाऱ्या ताईने काय भरलं ते विचारून ये. शिवाय पायाभूत वर्ष बदललं की हे सगळे भारांकही बदलतात. म्हणजे नोट्समधला आकडा घोकून ठेवण्यात काही हशील नाही, तो कुठल्या पानावर सापडतो ते माहीत हवं.

आता "मराठीत असेल तर बेस्ट" याबद्दल. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांची खरी अडचण इंग्रजी नाही, परिभाषा आहे. सरकारचा खर्च कमाईपेक्षा जास्त झाला की जी तूट पडते, त्या फिस्कल डेफिसिटला पाठ्यपुस्तकात राजकोषीय तूट, पेपरात वित्तीय तूट, आणि व्हिडिओतला सर नुसतं "डेफिसिट" म्हणून पुढे पळतो. पोराला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी". राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ती काढतं, मराठीतही आणि इंग्रजीतही, दोन्ही आवृत्त्या त्यांच्या साइटवर फुकट. दोन्ही उघडायच्या, शेतीचं प्रकरण घ्यायचं, तक्त्याला तक्ता लावून वाचायचं. महिनाभरात शब्दकोशाची गरज उरत नाही. अडलंच तर भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोशही ऑनलाइन आहे. थोडा कोरडा आहे, पण भांडण मिटवायला उपयोगी.

पाया कच्चा असेल तर बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं आणि एनसीईआरटीची पुस्तकं, दोन्हींच्या पीडीएफ अधिकृत साइटवर मिळतात. पुण्यात आल्यावर अकरावीचं पुस्तक उघडायची लाज वाटते पोरांना. वाटू द्या.

व्याख्यानांचं म्हणाल तर स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर ऐकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच लागतात. दर्जा प्राध्यापकागणिक बदलतो. काही जण स्लाइड वाचून दाखवतात, त्यांना दीडपट वेगाने लावावं. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत साइटवर जागतिक गरिबीवर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा अख्खा कोर्स पडलाय. २०१९चं नोबेल मिळालं तीच ही जोडी, मायकेल क्रेमर यांच्याबरोबर. बॅनर्जींच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर, त्याही अर्थतज्ज्ञ. हे सांगितल्यावर भाचीने कोर्स लगेच बुकमार्क केला. बघेल की नाही देव जाणे. कोअर इकॉन नावाचं एक मोफत ई-पुस्तकही आहे, मला स्वतःला आवडतं. ते मागणीच्या वक्रापासून सुरुवात करत नाही. जग इतकी शतकं जवळपास एकाच जागी होतं आणि मग अचानक श्रीमंत कसं झालं, तेही सगळं का नाही, इथून सुरू करतं.

आणि एक गोष्ट मी हट्टाने करायला लावते. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा सहावा खंड, महाराष्ट्र शासनाने छापलेला. परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर त्याची पीडीएफ फुकट आहे. त्यात १९२३चा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आहे. केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाला (रुपयाचं मोल सोन्यावर आधारलेल्या परकी चलनाशी बांधायची पद्धत) तिशीतला हा माणूस त्यात आकडे मांडून विरोध करतो. सगळं कळणार नाही, मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. पण दहा पानं वाच. आकडेवारीने वाद घालतात कसा, ते दिसतं.

तक्रारी माझ्याही आहेत. सरकारी साइट ऐन वेळी उघडत नाहीत, पत्ते बदलतात, जुने अहवाल स्कॅन करून टाकलेले असतात, त्यात शब्द शोधता येत नाही. मराठी पानावरून दुसऱ्या क्लिकला आपण इंग्रजीत जाऊन पडतो. तरीही एखादा तक्ता स्वतः शोधून काढला की तो विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

परवा भाचीचा फोन आला. तिने खरंच खर्चाचे शंभर भाग केले, मेसचा भार निघाला अडतीस. तो कागद घेऊन ती मेसवाल्या काकूंकडे गेली. तुमची दरवाढ सरकारी खाद्य महागाईच्या कितीतरी वर आहे, असं त्यांना समजावू लागली. काकूंनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात गॅसची टाकी धरलीस का? आणि लाटणारीचा पगार?"

धरला नव्हता. आता ती ते शोधतेय.